आयर्विनला किती झालं?

*काका, स. न. वि. वि. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. घर जुनं, सासूबाईंच्या नावावर. 2019 ला घरात साडेपाच फूट पाणी होतं, 2021 ला तीन फूट. पुढच्या खोलीत यांचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. पहिल्या पुरात मशीन गेलं, कारण ते उचलायला चार माणसं लागतात आणि ऐनवेळी एकही मिळालं नाही. दीड वर्षापूर्वी कर्ज काढून वर दोन खोल्या बांधल्या. तेव्हा बँकेनं विम्याचे पैसे कापले, म्हणून हे म्हणतात आपला विमा आहेच. वर 'पूर आला की सरकार देतं, आणि पूर काय दरवर्षी येतो?' ओळखीचे एक एजंट घराची पॉलिसी घ्या म्हणून मागे लागलेत, पण अर्जात आधीच्या पुरांचं लिहू नका म्हणतात. सासूबाई 78 वर्षांच्या. 2019 ला बोट दारात आली तेव्हा कुठं जागच्या उठल्या. पावसाळा तोंडावर आलाय. विमा काढू, की तेवढे पैसे बाजूला टाकू? आणि तयारी करायची म्हणजे नेमकं काय करायचं?*
*– एक भगिनी, गावभाग, सांगली*

ताई,

तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी कागद-पेन्सिल घेतली. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57.5 फुटांच्या आसपास गेलं होतं आणि तुमच्या घरात साडेपाच फूट होतं. वजा केलं तर उरतात 52. 2021 च्या जुलैत आयर्विनला 55 फुटांच्या आसपास, घरात तीन फूट. पुन्हा 52. म्हणजे आयर्विनला 52 झाले की पाणी तुमच्या फरशीला लागतं. हा तुमच्या घराचा आकडा. सांगलीत पुराच्या दिवसांत माणसं एकमेकांना 'जेवलात का' विचारत नाहीत, 'आयर्विनला किती झालं' विचारतात. पण विचारून झालं की तो आकडा आपल्या घराच्या हिशेबात बसवणारी फार थोडी. सगळ्यांचं डोकं 45 ला अडकलेलं असतं. 40 ही इशारा पातळी, 45 धोका पातळी, ही सरकारची मोजणी अख्ख्या शहरासाठी आहे. सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरच्या लोकांना 45 पर्यंत थांबून चालत नाही, आणि तुमच्याकडं 45 ला अजून अंगण कोरडं असतं. म्हणून तर सासूबाई उठत नाहीत. त्यांना समोर कोरडं अंगण दिसत असतं.

52 मधून दोन फूट मात्र कमी धरा. पाण्याची पातळी पुलाशी आणि तुमच्या बोळात तंतोतंत एक नसते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: पाणी नदीकडून दारातून येईल अशी वाट बघत बसलात तर ते मागून येतं. गटारीतून, शेरीनाल्यातून, न्हाणीच्या मोरीतून. घरात पहिलं पाणी संडासातून वर येतं, आणि एकदा ते सुरू झालं की त्या घरात माणसानं थांबू नये. वाळूनं अर्धं भरलेलं पोतं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून संडासाच्या भांड्यात आणि मोरीच्या तोंडावर दाबून बसवलं तर ती घाण बरीच थोपते. तेव्हा तुमचा घर सोडायचा आकडा 50 धरू. त्याच्या आत सगळं उरकलेलं पाहिजे.

आता विमा. मी तीस वर्षं सर्व्हेअर होतो. विमा कंपनी नुकसान मोजायला ज्याला पाठवते आणि ज्याला बघून घरातली माणसं आधी चहा टाकतात आणि नंतर शिव्या देतात, तो माणूस. 2005 च्या पुरात मी दुसऱ्यांच्या घरातला चिखल मोजत फिरत होतो तेव्हा माझ्या स्वतःच्या घरात चार फूट पाणी होतं. आणि घरातल्या सामानाचा एक रुपयाचा विमा नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बायकोनं पंचवीस वर्षं जमवलेल्या दिवाळी अंकांचा लगदा मी फावड्यानं काढला. त्याची भरपाई कुठल्याही पॉलिसीत मिळाली नसती, ही गोष्ट वेगळी. पण फ्रीज, गाद्या, कपाटं, वायरिंग, हे सगळं पदरच्या पैशानं केलं आणि त्यात दोन वर्षं गेली.

बँकेनं कापलेल्या पैशांचं आधी बघा. कपाटातून कर्जाची फाईल काढा, विम्याचं प्रमाणपत्र शोधा, आणि त्यात कशाचा विमा उतरवलाय ते वाचा. माझा अंदाज, तो तुमच्या यजमानांच्या आयुष्याचा विमा निघेल. कर्जदाराचं बरंवाईट झालं तर बँकेचे पैसे फिटावेत यासाठीचा. पुरानं भिंत पडली तर त्यातून एक वीट मिळत नाही. घराचा विमा असलाच तर तो बहुधा फक्त बांधकामाचा असतो, रक्कम कर्जाएवढी असते आणि पैसे आधी बँकेकडं जातात. घरातल्या भांड्याकुंड्यांशी त्याचा संबंध नसतो. प्रमाणपत्र घरात सापडलं नाही तर बँकेत लेखी अर्ज देऊन प्रत मागा. तोंडी विचारलं तर 'आहे, आहे' असं उत्तर मिळतं.

सरकारच्या मदतीची यजमानांना आठवण करून द्या. 2021 च्या पुरानंतर तातडीची मदत म्हणून कुटुंबाला 10,000 रुपये मिळाले, दुकानदाराला जास्तीत जास्त 50,000. ज्याचं सगळं गेलं त्याला ते पैसे लाखमोलाचे असतात, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ती मदत आहे, भरपाई नव्हे. तुमच्या यजमानांनी नवीन झेरॉक्स मशीन केवढ्याला घेतलं ते त्यांना विचारा. उत्तर त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

घरासाठी 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना एकसारखी पॉलिसी द्यावी लागते, तिचं नाव 'भारत गृह रक्षा'. नियमाची पॉलिसी आहे, त्यामुळे मुख्य अटी कुठल्याही कंपनीत त्याच. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड हे सगळं त्यात येतं. पाण्याची टाकी फुटली तरी येतं. आणि एक कलम पुराच्या गावांसाठीच केल्यासारखं आहे: अशा घटनेमुळे सात दिवसांच्या आत घरात चोरी झाली तर तीही धरली जाते. 2019 ला घरं बंद करून गेलेल्यांना रात्री झोप का लागत नव्हती, हे तुम्हाला सांगायला नको. घर राहण्याजोगं होईपर्यंत दुसरीकडं राहावं लागलं तर त्या भाड्याचीही सोय आहे.

विम्याची रक्कम कशी ठरते त्यात लोक फसतात. जागेची किंमत यात धरायचीच नाही. पुरानं जागा वाहून जात नाही, भिंती जातात. घराचं आतलं क्षेत्रफळ गुणिले आज तसं बांधायला चौरस फुटाला किती पडेल तो दर, एवढंच. समजा खाली-वर मिळून 900 चौरस फूट आणि दर 1,800 रुपये, तर 16,20,000 झाले. तुमच्या भागातला खरा दर वरच्या खोल्या बांधणाऱ्या मिस्त्रीला विचारा, त्याला बरोबर माहीत असतो. घर आणि सामान दोन्हीचा विमा घेतला की सामानासाठी घराच्या रकमेच्या 20 टक्के आपोआप धरतात, कमाल 10 लाख. इथं ते 3,24,000 होतील. त्यासाठी प्रत्येक चमच्याची यादी द्यावी लागत नाही. सामान त्याहून जास्तीचं असेल तर मात्र यादी देऊन वाढवून घ्यायचं. पूर्वी रक्कम कमी लावली असेल तर कंपनी त्याच प्रमाणात भरपाईला कात्री लावायची. अर्ध्या किमतीचा विमा असेल तर नुकसानीतलं अर्धंच हातात. या पॉलिसीत ती कात्री नाही. म्हणून रक्कम मुद्दाम कमी लावा असं मी सांगत नाही, पण अंदाज थोडा चुकला म्हणून आता कुणाचं नशीब फिरत नाही.

दागिने या सामानात येत नाहीत. ते मूल्यवान वस्तू म्हणून वेगळे घालून घ्यावे लागतात. रोख पैसे आणि कागदपत्रं तर कशातच येत नाहीत. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये असतील तर लॉकर कुठल्या मजल्यावर आहे ते एकदा जाऊन बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार नैसर्गिक आपत्तीनं लॉकरमधल्या वस्तूंचं नुकसान झालं तर बँक जबाबदार नाही. सांगलीत तळमजल्यावरचा लॉकर ही मला तरी पटणारी गोष्ट नाही.

पुढच्या खोलीतलं दुकान हा तुमच्या पत्रातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे आणि तुम्ही तो सहज लिहून गेलात. गृह रक्षा ही राहत्या घरासाठी आहे. दुकानाचा माल, मशीन, काउंटर त्यात बसत नाही. शिवाय अर्जात घराचा एक भाग दुकान म्हणून वापरतो हे लिहिलं नाही, तर उद्या घराच्या दाव्यातही वाद निघू शकतो. छोट्या धंद्यांसाठी 1 एप्रिल 2021 पासूनच 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही दुसरी पॉलिसी आहे. ती वेगळी घ्या. तिच्यात मालाची किंमत खरी लिहायची. कमी रकमेच्या कात्रीला तिथं 15 टक्क्यांपर्यंतच माफी आहे, त्यापुढं ती चालते. जूनमध्ये वह्या-पुस्तकांचा माल भरता आणि पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा मार्चमधला रिकाम्या कपाटांचा आकडा लिहू नका. बिलं दुकानाच्या गल्ल्यात ठेवण्यापेक्षा फोटो काढून स्वतःलाच ई-मेल करून ठेवा. 2019 मध्ये मी असे दुकानदार पाहिले की माल गेला आणि मालाचा पुरावाही त्याच कपाटात होता.

एजंटाचं ऐकू नका. अर्जात आधीच्या पुरांचं विचारलं असेल तर 2019 आणि 2021, दोन्ही लिहा, किती फूट तेही लिहा. हप्ता थोडा जास्त बसेल, एखादी कंपनी अटी घालेल. घालू दे. लपवून घेतलेली पॉलिसी म्हणजे हप्ता भरून विकत घेतलेलं भांडण आहे. मी स्वतः भिंतीवर जुन्या पुराची रेघ बघून अर्ज काढून पाहिलेला आहे. रंगाच्या दोन थरांखालूनही ती रेघ दिसते, ओल तिथंच उठते. आणि तो अर्ज भरणारा एजंट त्या दिवशी तुमच्या शेजारी उभा नसतो.

पॉलिसी सासूबाईंच्या नावावर हवी, कारण घर त्यांच्या नावावर आहे. यजमानांच्या नावावर काढली तर दाव्याच्या वेळी 'तुमचा या घराशी काय संबंध' इथपासून सुरुवात होते. बँकेचं नाव कर्जामुळे त्यात येईल, येऊ दे. जुन्या भागात मातीच्या भिंती किंवा पत्रे असतील तर तेही आधी सांगा आणि चालेल असं लेखी घ्या. एक्सेस किती, म्हणजे नुकसानीतला किती वाटा तुम्ही सोसायचा, ते विचारा. दोन-तीन कंपन्यांकडून दर मागवा. आणि हे सगळं आत्ता, मे महिन्यात. हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हा कायदा आहे. कोयना धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी टीव्हीवर बघत पॉलिसी काढायला निघालेली माणसं मी पाहिलीत. त्यांच्याकडं बघून हसूही येत नाही.

'पैसे बाजूला टाकू का' याचं उत्तर: दोन्ही करा. चपला, गाद्या, डाळ-तांदूळ यांच्यासाठी घरात 20-25 हजार वेगळे ठेवा. हे किरकोळ नुकसान दाव्याच्या भानगडीत घालून दमू नका. भिंती, वायरिंग, मशीन, फ्रीज यांसाठी विमा. एका पुरात जे तीन-चार लाख जातात ते बाजूला टाकायला तुम्हाला किती वर्षं लागतील, आणि तेवढी वर्षं कृष्णा थांबेल का? 2019 आणि 2021 मध्ये दोनच वर्षांचं अंतर होतं.

स्कूटर असेलच. तिचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर पुराचं काही मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग त्यात हवा. आणि बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर 'चालू होते का बघू' म्हणून स्टार्ट करायची नाही. पाणी आत असताना इंजिन फिरवलं की इंजिन जातं, आणि ते नुकसान पुरानं नाही, तुम्ही केलं असं कंपनी म्हणते. चारचाकीवाल्यांनी तर इंजिनसाठीचं वेगळं कवच घेतलेलंच बरं. तुमची स्कूटर 45 ला विश्रामबागेत नेऊन लावा, विषय संपला.

आता सासूबाई. त्यांना पुराच्या दिवशी समजवायला जाऊ नका, त्या दिवशी कुणीच कुणाचं ऐकत नाही. आत्ता बसून ठरवा. तुमच्या पत्रात नणंदेचा उल्लेख नाही, पण उंचावरच्या भागात कुणीतरी नातेवाईक असेलच. आयर्विनला 40 झाले आणि वरून पाऊस सुरू असला की सासूबाईंनी तिकडं आठ दिवस राहायला जायचं. पूर म्हणून नाही, राहायला म्हणून. माझ्या आईचंही असंच होतं. ती हलायची नाही कारण देव कसे हलवायचे. शेवटी आम्ही देवांसाठी एक स्टीलचा उभा डबा आणला, आत जुन्या नऊवारीचं मऊ फडकं, ताम्हन, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, एवढं मावेल असा. पहिल्या वर्षी ती रुसली. दुसऱ्या वर्षी पाऊस लागल्यावर तिनं स्वतः तो डबा घासून ठेवला. देव हलले की आई हलली. तुमच्याकडं काय चालेल ते तुम्हाला जास्त कळतं, पण मला वाटतं त्यांची अडचण पाण्याची नसावी.

वरच्या खोल्या झाल्यामुळे आता तुमच्या घरात एक विचार हमखास येणार: वर जाऊन बसू, खाली पाणी येईना का. तो विचार काढून टाका. वरच्या खोल्या सामानासाठी, माणसांसाठी नाहीत. 2019 ला पाणी चढलं तसं लगेच उतरलं नाही. वर अडकलेल्यांना दिवसेंदिवस वीज नाही, प्यायला पाणी नाही, संडास नाही, फोनची बॅटरी नाही. आणि शेवटी बोटीतूनच उतरावं लागलं. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं वाचवून आणणारी बोट उलटली. बोट हा शेवटचा उपाय आहे. कोरड्या रस्त्यावरून रिक्षानं जाता येतंय तोवर जावं.

हे जमण्यासारखं आहे, कारण सांगलीचा पूर सांगून येतो. चिपळूणकरांना 22 जुलै 2021 ला तेवढी सवड मिळाली नाही. तिथं वाशिष्ठीचं पाणी काही तासांत बाजारपेठेत शिरलं. आपल्याकडं कोयनेचा विसर्ग कराडला कृष्णेत येतो, तिथून खाली यायला वेळ लागतो, हरिपूरला वारणा मिळते, पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. खालच्या या नद्याही फुगलेल्या असल्या की आपलं पाणी पुढं सरकत नाही, तुंबतं आणि इंचाइंचानं चढतं. (खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे आपलं पाणी तुंबतं का, हा वाद मी या सदरात घेणार नाही. दोन्ही राज्यांचे अभियंते त्यावर भांडतायत, आपण आपलं झेरॉक्स मशीन उचलू.) तेव्हा एकट्या कोयनेची बातमी ऐकून गाफील राहू नका, वारणा आणि पंचगंगेचं काय चाललंय तेही ऐका.

उचलायच्या क्रमाबद्दल थोडं. गॅसचा रेग्युलेटर बंद करून काढा आणि सिलिंडर वर न्या. खाली राहिला तर तो तरंगतो आणि घरभर आपटत फिरतो. फ्रीजही तरंगतो. रिकामा फ्रीज पाण्यावर आडवा होतो आणि दाराला आतून असा अडकतो की पाणी ओसरल्यावर दार उघडत नाही. वर नेता येत नसेल तर खिडकीच्या गजाला दोरीनं बांधा. लाकडी कपाटाचे खण काढून वर ठेवा, ते फुगले की करवतीशिवाय निघत नाहीत. धान्य वर. इन्व्हर्टरची बॅटरी वर. मेन स्विच बंद करून मगच घर सोडायचं, आणि परत आल्यावर वायरमननं तपासल्याशिवाय चालू करायचा नाही. कागदपत्रं लॅमिनेट करण्याच्या भानगडीत पडू नका, कडेनं पाणी जातंच. साधी झिपची प्लॅस्टिक पिशवी, तिच्यावर दुसरी पिशवी. आधार, पॅन वगैरे डिजिलॉकरमध्ये असतात, मिळकतीचा उतारा सिटी सर्व्हेतून पुन्हा निघतो. लग्नाचा अल्बम पुन्हा निघत नाही. तो सासूबाईंबरोबर आधी जाऊ दे. तरीही फोटो भिजलेच तर उन्हात गठ्ठ्यानं वाळत घालू नका, कायमचे चिकटतात. स्वच्छ पाण्यात ठेवून अलगद सुटे करायचे आणि सावलीत एकेक पसरायचे. सासूबाईंची औषधं पंधरा दिवसांची, डॉक्टरांची चिठ्ठी, थोड्या सुट्या नोटा. वीज गेली की कार्डाला आणि फोन-पेला कुणी विचारत नाही.

एका दुपारी अर्धा तास काढा आणि मोबाईलवर घराचा व्हिडिओ करा. दारापासून सुरू करून प्रत्येक कपाट उघडत, तोंडानं बोलत: हे कपाट, एवढ्याचं, अमुक साली घेतलं. फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीनच्या मागच्या पाटीवर मॉडेल आणि नंबर असतो, तो जवळून घ्या. झेरॉक्स मशीनचा तर नक्की घ्या. हा व्हिडिओ पुण्या-मुंबईच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. सर्व्हेअर म्हणून सांगतो, असा व्हिडिओ दाखवणाऱ्या माणसाशी मी कधी वाद घातला नाही.

पूर ओसरल्यावर आपल्याकडं पहिलं काम होतं ते झाडू घेऊन चिखल काढायचं. थांबा. आधी फोटो. भिंतीवर पाण्याची रेघ असते, तिच्याशी टेप लावून फरशीपासून किती फूट ते दिसेल असा फोटो काढा. प्रत्येक खोलीत. मग कंपनीला त्याच दिवशी कळवा, फोन करा आणि ई-मेलही करा, म्हणजे तारीख राहते. सर्व्हेअर येईपर्यंत काही टाकू नये हा नियम, पण भिजलेल्या गाद्या आणि धान्य तीन दिवसांत घरात उभं राहू देत नाहीत, हे मलाही कळतं. ते टाकायचंच झालं तर फोटो-व्हिडिओ काढून, कंपनीला ई-मेलनं सांगून टाका. मशीन आणि फ्रीज मात्र भंगारवाल्याला देऊ नका, कितीही मागे लागला तरी. तलाठी किंवा महापालिकेची माणसं पंचनामा करतात त्याची प्रत मागून घ्या. दाव्याला उपयोगी पडते. चिखलात उतरताना गमबूट घाला, पायाला जखम असेल तर उतरूच नका, आणि लेप्टोच्या (घाणेरड्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

दावा नाकारला किंवा पटेल असा दिला नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं लेखी द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडं जाता येतं. आपल्या भागासाठीचं कार्यालय पुण्यात आहे. वकील लागत नाही, फी लागत नाही, 50 लाखांपर्यंतच्या भरपाईचे वाद तिथं चालतात. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं, एवढं लक्षात ठेवा.

राहिलं झेरॉक्स मशीन. त्याला चार माणसं लागतात असं तुम्ही लिहिलंय. ती चार माणसं कोण, ते आत्ता ठरवा, नावानिशी. आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: तुझं घर कुठल्या फुटाला बुडतं? ज्याचं घर 46 ला बुडतं तो 48 ला तुमच्याकडं येणार नाही, स्वतःची गादी उचलत असेल. त्याला 42 लाच बोलवा, मशीन वर चढवून घ्या, आणि मग तुमचे यजमान त्याच्या घरी मदतीला जाऊ देत.